फॉर्म तोच, चौकटीचा नंबर बदलला आणि ऊस नोंद शून्यावर आली

या पानावर आपण नेहमी खते, वाण, कीड-रोग यांची माहिती घेतो. आज विषय थोडा वेगळा आहे. संगणकावरच्या अर्जाचा आहे. पण पान उलटू नका, कारण यात सव्वाशे टन उसाचा प्रश्न आहे आणि तो ऊस माझ्या सख्ख्या चुलत्यांचा आहे.

आमच्या आप्पांनी जुलै २०२१ मध्ये अडीच एकर आडसाली लागण केली. शेणखत, बेसल डोस, सरीतले अंतर, सगळे वेळच्या वेळी. कारखान्याचा चिटबॉय बांधावर येऊन गेला, डायरीत टिपण करून गेला. दोन-चार दिवसांनी गट ऑफिसात नोंद झाली आणि पावतीही मिळाली. आप्पांनी पावतीची घडी घातली आणि सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवून दिली. आपण सगळे असेच करतो.

जुलैची लागण म्हणजे पुढच्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात तोड यायला हवी. २०२२ च्या हंगामात तोडणी कार्यक्रमाच्या याद्या लागल्या. शेजारच्या ऑगस्टमधल्या लागणीचे नाव आले, आप्पांचे नाही. गट ऑफिसात विचारले तर "येईल, येईल, पुढच्या यादीत बघा." पुढच्या यादीतही नाही. डिसेंबर संपत आला तेव्हा आप्पांनी मला सांगितले, तेही सहज बोलता बोलता. मी खात्यात असल्यामुळे उगीच माझ्या नावावर बोट नको, म्हणून इतके दिवस बोलले नव्हते.

मी त्यांच्याबरोबर गट ऑफिसात गेलो. ऑपरेटरने नोंद उघडली. नाव बरोबर, गाव बरोबर, गट नंबर बरोबर, लागणीची तारीख बरोबर. क्षेत्र : ०.०० हेक्टर.

आता कार्यक्रम कसा बसतो ते बघा. क्षेत्राला सरासरी उत्पादनाने गुणायचे, त्यावरून अंदाजी टनेज काढायचे आणि टनेजाप्रमाणे टोळ्या व वाहने वाटायची. क्षेत्रच शून्य असेल तर कितीनेही गुणा, टनेज शून्य. शून्य टनाला टोळी कोण देणार? यादीत नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. मशीनच्या दृष्टीने आप्पांच्या रानात ऊसच नव्हता.

घरी येऊन पिशवीतली पावती काढली. तिच्यावरही ०.००. दीड वर्ष ती पावती घरात होती. आप्पा म्हणाले, "आरं, चष्मा नव्हता त्या दिवशी." माझ्याकडे चष्मा होता, पण मीही कधी बघितली नव्हती.

एकट्या आप्पांची नोंद अशी असती तर आपण म्हणालो असतो, पोराने टायपिंगला चूक केली. पण गट ऑफिसातल्या त्या ऑपरेटरने (तो मुलगा प्रामाणिक आहे, त्याचे नाव मी लिहीत नाही, आणि कारखान्याचेही नाही) शून्य क्षेत्राच्या नोंदी काढून बघितल्या. बऱ्याच निघाल्या. आणि गंमत म्हणजे सगळ्या जुलैच्या एका ठराविक तारखेनंतरच्या. त्या तारखेच्या आधीची एकही नाही. मग आठवण झाली, त्याच दिवशी ऑफिसातले संगणकाचे काम अर्धा दिवस बंद होते. "सर्व्हर बदलणार आहेत" असा निरोप आला होता.

गटाचे एकत्रीकरण आठवा

पुढचे समजून घ्यायला आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. ज्या गावांत जमिनीची एकत्रीकरण योजना झाली, तिथे सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले. जमीन तीच. बांधावरचे आंब्याचे झाड तेच. पण आजोबांच्या खरेदीखतात सर्व्हे नंबर आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. कोर्टात किंवा बँकेत जुना कागद घेऊन गेले की साहेब म्हणणार, "हा नंबर आमच्याकडे नाही." मग एकत्रीकरणाचा जबाब शोधत तालुक्याला चकरा.

संगणकावरच्या अर्जात अगदी हेच असते. पडद्यावर आपल्याला दिसते 'शेतकऱ्याचे नाव', 'गट नंबर', 'क्षेत्र'. हे वाचण्यासाठी, माणसांसाठी. पण प्रत्येक चौकटीला आतून एक वेगळा नंबर असतो. त्याला आयडी म्हणतात. तो आपल्याला दिसत नाही. मशीनच्या आतल्या सूचना मात्र याच आयडीने चौकट शोधतात. 'अमुक आयडीच्या चौकटीतला आकडा घे, तमुक आयडीच्या चौकटीत उत्तर लिही.' आयडी बदलला आणि सूचना जुनीच राहिली, की सूचना जाते, त्या नंबरची चौकट शोधते आणि तिला काहीच सापडत नाही. पडद्यावर फॉर्म जसाच्या तसा. फरक डोळ्यांना दिसत नाही.

मग हा आयडी बदलतो कोण? कोणी मुद्दाम बदलत नाही. आजकाल कोणीही अर्जाचे सॉफ्टवेअर पहिल्या विटेपासून बांधत नाही. तयार सांगाडा घेतात, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. पॉलीहाऊसचा पाईप-क्लॅम्पचा सेट कंपनीकडून घेतो आणि आतले ठिबक, वाफे आपले आपण करतो, तसे. चौकटींना आयडी देण्याचे काम बऱ्याचदा हा सांगाडाच करतो. काही वर्षांनी सांगाड्याची नवी आवृत्ती येते आणि नंबर द्यायची तिची रीत थोडी बदललेली असते.

आमच्या भावकीतला एक मुलगा पुण्यात याच कामात आहे. त्याला फोन लावला. त्याने एकच प्रश्न विचारला, "दादा, त्या साईटच्या पत्त्यात शेवटी काय लिहिलंय?" ऑपरेटरने वाचून दाखवले, शेवटी 'डॉट एएसपीएक्स' होते. तो म्हणाला, "मग बहुतेक मला कळलंय. नवीन सर्व्हरवर २.० चा पूल ४.० केलाय का ते विचारा."

विचारले. केला होता.

२.० ऐवजी ४.०

हे जरा सविस्तर सांगतो, कारण ज्या संस्थांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर करून घेतली त्यांच्यापैकी अनेकांकडे हीच मांडणी आहे. सोसायटीचे सचिव आणि ग्रामपंचायतीचे अधिकारी यांनी हे मुद्दाम वाचावे.

'एएसपी डॉट नेट' हा मायक्रोसॉफ्ट कंपनीचा सांगाडा. २००२ साली पहिला आला, २००५ साली त्याची २.० आवृत्ती आली, २०१० साली ४.० आली. २.० मध्ये 'मास्टर पेज' नावाची सोय मिळाली. म्हणजे वरची पट्टी, बोधचिन्ह, डावीकडची यादी हे सगळे एकदाच करायचे आणि प्रत्येक पानाला तेच लावायचे. सोय चांगली. पण त्यामुळे चौकटीच्या आयडीमागे आपोआप शेपूट लागू लागले. खरे तर शेपूट नव्हे, पुढे लावलेले आडनाव म्हणा. प्रोग्रामरने चौकटीला नुसते 'हेक्टर' असे नाव दिले, तरी पानावर ते उमटायचे 'सीटीएल००_कंटेंटप्लेसहोल्डर१_हेक्टर'. यातले 'सीटीएल००' हे सांगाड्याने स्वतःच्या मनाने दिलेले नाव. काही घरांत पोराचे नाव विचारले तर आजोबा-पणजोबांपासून सुरुवात करतात, तसा प्रकार.

काही प्रोग्रामरनी हे लांबलचक नाव जसेच्या तसे उचलून आपल्या सूचनेत लिहून ठेवले. चालत होते, म्हणून कोणी काही म्हणाले नाही.

२०१० साली ४.० आवृत्ती आली तेव्हा कंपनीने नावे देण्याची रीत सुधारली. मधले स्वतःच्या मनाचे 'सीटीएल००' गेले. आता तीच चौकट 'कंटेंटप्लेसहोल्डर१_हेक्टर' झाली. एका फॉर्मात अनेक ओळींचा तक्ता असेल तर तिथेही बदल झाला. पूर्वी तक्त्यातल्या ओळींना मध्येच 'सीटीएल०२', 'सीटीएल०३' असे आकडे लागायचे, आता शेवटी ०, १, २ असे लागू लागले. सुधारणा चांगलीच होती, नावे छोटी आणि अंदाज करता येण्यासारखी झाली. पण जुन्या सूचनांमध्ये जुनी नावे होती.

कंपनीने हे लपवले नव्हते. ४.० बरोबर दिलेल्या बदलांच्या यादीत हे स्पष्ट लिहिलेले आहे. आणि त्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे, तिथेच आमचा घोटाळा झाला. प्रोग्रामरने आपले जुने काम 'व्हिज्युअल स्टुडिओ' या हत्यारात उघडून रीतसर ४.० वर नेले, तर ते हत्यार सेटिंगच्या फायलीत आपणहून एक ओळ टाकते, 'नावे जुन्याच रीतीने दे'. मग काही बिघडत नाही. पण कोणी सॉफ्टवेअर न उघडता नुसते सर्व्हरवर जाऊन 'ॲप्लिकेशन पूल'च्या खिडकीत २.० च्या जागी ४.० निवडले, तर ती ओळ पडतच नाही. नवी रीत लागू होते.

आमच्याकडे तेच झाले होते. जुना सर्व्हर 'विंडोज सर्व्हर २००८ आर-२' चा होता. त्याचा कंपनीचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. म्हणजे त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या सर्वांना सरसकट मिळणार नव्हत्या. तेव्हा सर्व्हर बदलणे योग्यच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नव्या सर्व्हरवर जुनी २.० ची सोय आपोआप येत नाही, ती वेगळी घालावी लागते. ठेकेदाराच्या माणसाने ती घालण्याऐवजी ४.० निवडले. साईट उघडली, पाने दिसली, लॉगिन झाले. "झालं काम" म्हणून तो गेला. मूळ सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला.

शून्य नेमके आले कुठून?

इथे तुम्ही विचाराल की नाव, गट नंबर, तारीख बरोबर आणि फक्त क्षेत्रच शून्य, असे कसे?

आपल्या तोंडात एकर-गुंठे आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर, ही आपली जुनी अडचण. त्या फॉर्मात चिटबॉयच्या डायरीप्रमाणे एकर आणि गुंठे या दोन चौकटी भरायच्या आणि 'सेव्ह' दाबले की हेक्टरची तिसरी चौकट आपोआप भरायची, अशी सोय होती. २ एकर २० गुंठे म्हणजे १०० गुंठे, म्हणजे १.०१ हेक्टर. हा हिशेब फॉर्मच्या पानावरची छोटी सूचना करत असे. एकर-गुंठे फक्त हिशेबापुरते. कारखान्याच्या दप्तरात जायचे ते हेक्टर.

नाव, गट नंबर, तारीख या चौकटी माणूस हाताने भरतो. त्या सर्व्हरकडे जाताना 'नेम' नावाच्या दुसऱ्याच खुणेने जातात आणि ४.० मध्ये त्या खुणेत या कारणाने फरक पडलेला नाही. म्हणून हाताने भरलेले सगळे बरोबर पोचले. हेक्टरची चौकट सूचनेने भरायची होती. सूचना जुन्या आयडीने चौकट शोधायला गेली, सापडली नाही, तिथेच अडखळून थांबली. चौकट रिकामी. सर्व्हरने रिकामे म्हणजे शून्य धरले आणि लिहून घेतले.

बरे, क्षेत्र शून्य असेल तर नोंद घेऊ नये अशी तपासणी नव्हती का? होती. पण ती त्याच सूचनेत, हिशेबाच्या खालच्या ओळीत होती. सूचना वरच्या ओळीतच मोडल्यावर खालच्या ओळीपर्यंत गाडी पोचलीच नाही. आणि अशी सूचना मधेच मोडली की ब्राउझर फॉर्म अडवून धरत नाही, पुढे पाठवून देतो. पहारेकरी जागा होता, त्याला हाकच ऐकू गेली नाही.

ऑपरेटरला तरी दिसायला नको का? जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये अशी चूक झाली की खाली कोपऱ्यात पिवळा त्रिकोण दिसायचा. आता सगळीकडे क्रोम. त्यात ही चूक 'एफ-१२' दाबून आतली खिडकी उघडल्याशिवाय दिसत नाही. पुण्याच्या मुलाने फोनवरून ऑपरेटरला एफ-१२ दाबायला लावले, तेव्हा लाल अक्षरात ओळ आली. दीड वर्ष ती रोज, प्रत्येक नोंदीला येत असणार.

माझे मत स्पष्ट सांगतो. आयडी बदलणे हा अपघात म्हणता येईल. पण क्षेत्राची तपासणी फक्त फॉर्मच्या पानावर ठेवणे आणि सर्व्हरवर न ठेवणे, हा निष्काळजीपणा आहे. उसाची गाडी शेतकऱ्याने घरी वजन करून आणली म्हणून कारखाना त्या वजनावर बिल काढतो का? गेटवरच्या काट्यावर पुन्हा वजन होतेच. तसेच इथे हवे होते. आणि शून्य क्षेत्राच्या नोंदी दीड वर्षात एकदाही कोणी काढून बघितल्या नाहीत, याचे खापर कुठल्याही आयडीवर फोडता येणार नाही.

दुरुस्तीला लागली एक ओळ. सेटिंगच्या फायलीत 'क्लायंट आयडी मोड : ऑटो आयडी' एवढे लिहिले की सांगाडा जुन्या रीतीने नावे देऊ लागतो. ठेकेदाराच्या माणसाने ती दहा मिनिटांत टाकली.

आप्पांच्या नोंदीची दुरुस्ती मात्र दहा मिनिटांत झाली नाही. अर्ज, सातबारा, पुन्हा बांधावर येऊन मोजणी, शेतकी ऑफिसची सही. तोवर टोळ्यांचे वाटप होऊन गेलेले. तोड आली ती मार्च २०२३ च्या पहिल्या आठवड्यात. वीस महिन्यांचा ऊस. तुरे येऊन गेलेले, आतून दशी पडलेली. आधीच्या आडसालीशी ताडून आप्पांचा हिशेब बारा-तेरा टनांचा फटका बसल्याचा आहे. एफआरपीचा दर कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर ठरतो, त्यामुळे उताऱ्याची घट सगळ्यांत वाटली जाते, पण वजनाची घट ज्याची त्यालाच.

दुसरे नुकसान काट्यावर दिसत नाही. १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये, असे गावोगावच्या मेळाव्यांत आम्हीच सांगत असतो. आप्पांनी खोडवा मोडला. बियाणे, मशागत, लागणीची मजुरी न लागता येणारे एक पीक गेले. त्या दिवशी नांगर चालताना मी बांधावर होतो. शिफारस माझ्या खात्याची होती आणि बोलायला माझ्याकडे काही नव्हते.

संस्थांनी काय करावे

आता ग्रामपंचायत, विकास सोसायटी, दूध संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी यांच्यासाठी. तुमच्याकडे सभासद नोंदणीचे, दुधाच्या नोंदीचे, पाणीपट्टीचे असे काही सॉफ्टवेअर असेल, तर कधी ना कधी "आवृत्ती बदलायची आहे", "सर्व्हर हलवायचा आहे" असे ठेकेदार म्हणणारच. नाही म्हणू नका. जुने धरून बसण्यात जास्त धोका आहे. पण त्या दिवशी दोन तास स्वतः समोर बसा.

एक नमुन्याचा अर्ज आधीच तयार ठेवा, ज्याची उत्तरे तुम्हाला पाठ आहेत. क्षेत्राचा फॉर्म असेल तर २ एकर २० गुंठे भरा, १.०१ आले पाहिजे. दुधाचा असेल तर ठराविक लिटर, ठराविक फॅट भरा आणि दर हाताने काढलेला असू द्या. बदल करण्याआधी एकदा भरून पावती छापा, बदल केल्यावर पुन्हा भरून छापा आणि दोन्ही पावत्या उजेडात धरून ओळीने ओळ मिळवा. नुसते "पान उघडतंय" यावर सही करू नका. जी चौकट आपोआप भरते, जिच्यात बेरीज येते, तालुका निवडल्यावर गावांची जी यादी बदलते, तिथे जास्त लक्ष द्या, कारण दगा तिथेच होतो. आणि मुद्दाम चुकीचे भरून बघा. क्षेत्र रिकामे सोडा. फॉर्मने अडवले पाहिजे. अडवले नाही तर ठेकेदाराला चहा पाजा आणि परत कामाला बसवा.

करारनाम्यात दोन वाक्ये घालून घ्या. एक, आवृत्ती बदलल्यानंतर सर्व फॉर्म भरून तपासून देण्याची जबाबदारी ठेकेदाराची. दोन, महत्त्वाच्या आकड्यांची तपासणी सर्व्हरवरही असेल. तिसरे वाक्य पुण्याच्या मुलाने सुचवले, तेही देतो : सूचनांमध्ये चौकटीचा लांबलचक आयडी हाताने लिहू नये, 'या चौकटीला तू काय नाव दिलेस' असे सांगाड्यालाच विचारून घ्यावे. ४.० पासून चौकटीचे नाव आपण दिले तेच कायम ठेवण्याची सोयही आहे, त्याला 'स्टॅटिक' म्हणतात. पण तक्त्यात एकाच चौकटीच्या दहा ओळी असतील तिथे ती वापरली तर दहाही चौकटींना एकच आयडी बसतो. एका गटाचे दहा सातबारे एकाच नंबरने निघाल्यासारखे. ठेकेदाराला हे माहीत असते, पण तुम्हालाही माहीत आहे एवढे त्याला कळले तरी काम बरे होते.

हा प्रकार एकाच कंपनीच्या सांगाड्यात होतो असे समजू नका. 'रुबी ऑन रेल्स' नावाचा दुसरा एक सांगाडा आहे. त्याच्या ५.१ आवृत्तीत, २०१७ साली, फॉर्म बनवायची नवी पद्धत आली आणि तिच्यात चौकटींना आयडी आपोआप मिळेनासेच झाले. परिणाम वेगळ्याच ठिकाणी दिसतो. 'मी अटी मान्य करतो' या शब्दांवर बोट लावले की शेजारच्या चौकटीत बरोबरची खूण होते ना, ती शब्द आणि चौकट यांची गाठ बहुधा आयडीनेच बांधलेली असते. आयडी गेला की गाठ सुटली. मग मोबाईलवर त्या एवढ्याशा चौकोनावरच नेमके बोट लावत बसायचे, आणि नांगर-कुळवाने जाड झालेले बोट तिथे बसत नाही. त्याहून वाईट अडचण अंध अर्जदाराची. त्याचा मोबाईल चौकटीचे नाव मोठ्याने वाचून दाखवतो, तेही याच गाठीवर. गाठ सुटली की त्याला नुसते 'रिकामी चौकट, रिकामी चौकट' ऐकू येते. पुढच्या वर्षी, २०१८ च्या ५.२ आवृत्तीत आयडी परत आले. पण जुने सॉफ्टवेअर ५.२ वर आणणाऱ्याला ते सेटिंग आठवणीने चालू करावे लागते. ज्याला आठवले नाही त्याच्या फॉर्मात गाठ सुटलेलीच राहते.

आणि डॉट एएसपीएक्सवाल्यांसाठी आणखी एक सूचना. मायक्रोसॉफ्टच्या नव्या 'डॉट नेट'मध्ये ही जुनी 'वेब फॉर्म्स'ची पद्धतच घेतलेली नाही. म्हणजे ज्याला तिकडे जायचे आहे त्याला पाने नव्याने लिहावी लागतील आणि सगळ्या चौकटींना नव्याने नावे पडतील. तेव्हा आता लिहिले ते पुन्हा एकदा काढून वाचावे लागेल.

शेतकऱ्यांनी काय बघावे

तुम्ही-आम्ही एफ-१२ दाबत बसायचे नाही. आपल्या हातात पावती असते. अर्ज सेवा केंद्रातून भरा, गट ऑफिसातून भरा, नाहीतर पोराच्या मोबाईलवरून भरा. पावती घेतल्यावर खिडकीसमोरच उभे राहून तीन गोष्टी बघा : क्षेत्र, गट नंबर आणि बँक खात्याचे शेवटचे आकडे. चष्मा नसेल तर मागच्याला वाचायला सांगा. आकडा मोठ्याने वाचून घ्या. मागे रांग लागलेली असते, ऑपरेटर वैतागतो, वैतागू द्या. शून्य, रिकामी जागा, किंवा एकराचा आकडा हेक्टरच्या जागी दिसला तर तिथल्या तिथे दुरुस्त करून नवी पावती घ्या. मुदत संपल्यावर "माझी चूक नव्हती" हे सिद्ध करायला आप्पांसारखे दोन महिने जातात.

सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलांना एक विनंती. एखादा फॉर्म कालपर्यंत आपोआप भरत होता आणि आज एखादी चौकट भरत नाही, बटण दाबून काही होत नाही, असे दिसले तर "साईट स्लो आहे" म्हणून शेतकऱ्याला परत पाठवू नका. पानाचा फोटो काढा, तारीख-वेळ लिहा आणि ज्यांची साईट आहे त्यांना कळवा. आणि त्या दिवशीचे भरलेले सगळे अर्ज पुन्हा उघडून बघा. चूक एका अर्जात झालेली नसते, त्या तारखेपासूनच्या सगळ्या अर्जांत झालेली असते.

आमच्या गट ऑफिसात आता दर सोमवारी शून्य क्षेत्राच्या नोंदींची यादी काढतात. त्या ऑपरेटरनेच हे सुरू केले, वरून कोणी सांगितले नव्हते. आप्पांनी खोडवा मोडून रानात ताग गाडला आणि जुलै २०२३ मध्ये पुन्हा आडसाली लावली. नोंदीच्या दिवशी चष्मा घेऊन गेले. पावतीवर १.०१ आले. तरी त्यांनी ऑपरेटरकडून पेनाने खाली 'अडीच एकर' असे लिहून सही घेतली आणि मगच घडी घातली.